घराण्यात चालत आलेले डाग

गेल्या मंगळवारी लेकीला नऊ महिन्यांची लस द्यायला मुकुंदवाडीतल्या दवाखान्यात गेलो आणि माझा अख्खा आठवडा बाराच्या भावात गेला. डॉक्टर मॅडमनी स्वराचं झबलं वर केलं... आणि लस बाजूला ठेवून तिचं पोटच बघत बसल्या.

स्वराच्या मांडीवर एक आणि पाठीवर एक जन्मखूण आहे, दुधाच्या कॉफीच्या रंगाची. आमच्याकडे त्याला लासं म्हणतात. शिवाय बेंबीभोवती टिकलीएवढे पाच डाग. ते नंतर दिसायला लागले, मी डेंग्यूने ॲडमिट होते आणि पोरगी सासूबाईंकडे होती तेव्हापासून. "लासंच हाय ते, काही मागून वर येतंय," असं सासूबाई म्हणाल्या आणि मी शहाणीने मान डोलावली.

मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, बहुतेक जन्मखुणांनी काहीच होत नाही. पण असे डाग सहा किंवा जास्त असले तर काही मुलांमध्ये नसांवर गाठी येणारा आजार निघतो, आणि त्या मुलांना काही कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. कॅन्सर हा शब्द कानावर पडला आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

त्यात आमचे हे! मोठ्या अभिमानाने म्हणाले, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, मलापण आहेत बेंबीभोवती. आमच्या वडिलांनापण होते... घराण्यातच आहे."

मॅडमचा चेहरा एकदम गंभीर झाला. हा आजार घराण्यातूनच येऊ शकतो म्हणे! त्यांनी लगेच स्किनच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, शनिवारची अपॉइंटमेंट मिळाली.

मग काय विचारता... फॅमिली ग्रुपवर उधाण आलं. चुलत सासूबाईंचं म्हणणं, ग्रहणात तू नक्की काहीतरी चिरलं असशील. नणंदेला गहिवरून आलं, कारण तिच्या मते स्वराच्या रूपाने वारलेले बाबाच परत आले होते. बजाजनगरच्या जाऊबाईंनी कोरफडीचा व्हिडिओ पाठवला. अरे बाबांनो, माझ्या पोरीला काय झालंय ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला कोरफड सुचते?

मी रोज अंघोळ घालताना ते डाग मोजायचे. जणू आज एखादा कमी भरणार होता! स्वरा पाण्यात हात आपटून खिदळायची आणि मी तोंड फिरवून रडायचे.

सगळ्यात नवल सासूबाईंचं. एरवी त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण ते चार दिवस गप्प. मला वाटलं, बिचाऱ्या काळजीत आहेत... मीच उलट त्यांना चहा करून देत होते.

शनिवारी सगळे गेलो. डॉक्टर वयस्कर होते, बोलणं कमी. दिव्याच्या भिंगातून मांडी बघितली, पाठ बघितली, मग बेंबीपाशी बराच वेळ थांबले. एकदम यांच्याकडे वळून म्हणाले, "शर्ट वर करा."

यांनी केला. डॉक्टरांनी बापाचं पोट बघितलं, लेकीचं पोट बघितलं, आणि सरळ सासूबाईंना विचारलं, "मावशी, बिब्बा कोणी लावला?"

बिब्बा! दिव्यावर तापवायचा, सुईनं टोचून त्याचं तेल काढायचं आणि पोट दुखणाऱ्या लेकराच्या बेंबीभोवती ठिपके द्यायचे. कातडी भाजते, डाग राहतात. स्वरा झाली त्याच दिवशी मी बजावलं होतं की घरात बिब्बा दिसता कामा नये.

सासूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग एकदम उसळल्या, "व्हय, म्या लावला! लेकरू रडू रडू निळं पडायलं होतं. ही दवाखान्यात. मंग काय करावं म्या? ह्याला बी लावला व्हता, ह्याच्या बापाला बी त्याच्या मायनं लावला व्हता... मेलं का कुणी?"

आमच्या ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चौतीस वर्षं हा माणूस घराण्याची खूण म्हणून जी पोटावर मिरवत होता, ती त्याच्या आईने सुईनं काढली होती!

डॉक्टरांनी सासूबाईंची चांगलीच हजेरी घेतली. एवढ्याशा लेकराची कातडी ती काय, कुठे खोल जखम झाली असती तर? आणि चार दिवस तुमची सून मरणाच्या भीतीत होती तेव्हा तोंड का उघडलं नाही? सासूबाई पुटपुटल्या, "भ्या वाटलं. ही पुन्यांदा लेकराला हात लावू देणार नाय म्हणून."

खऱ्या जन्मखुणा दोनच निघाल्या, म्हणजे त्या आजाराचा संशय उरला नाही. वर्षातून एकदा दाखवायच्या, नवीन आल्या किंवा बदलल्या तर लगेच यायचं, एवढंच. ज्यांच्या लेकरांच्या अंगावर असे डाग आहेत त्यांना हात जोडून सांगते, ग्रहण आणि पूर्वज सोडा, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कोणी काही लावलं असेल तर ते आधी सांगा हो!

घरी आल्या आल्या मी स्वयंपाकघरातले बिब्बे शोधून फेकले. सासूबाईंवर इतकी ओरडले की शेजारीण बाहेर आली. ओरडता ओरडताच रडायला लागले, आणि पोरगी त्यांच्याच मांडीवर दिली.

सासूबाई माझं काडीचं ऐकत नाहीत, हे माझं लग्न झाल्यापासूनचं गाऱ्हाणं आहे. त्या शनिवारी मात्र देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं... बरं झालं रे बाबा, त्यांनी माझं ऐकलं नाही.