आमच्या रांगेने केलेले बगलेच्या वासाचे उपाय

बिड्या वळणाऱ्या बायका एका रांगेत बसल्या की हात गुंतलेले असतात आणि तोंडं मोकळी. मग गोष्टी साचायला किती वेळ लागतो? आमच्या रांगेत त्या ओल्या पोत्याखालच्या तेंदूपानांसारख्या साचतात, वरची उचलली की खाली दुसरी असतेच. त्यातल्या माझ्या बगलेच्या गोष्टी अजूनही निघतात. सगळ्या हसतात. मीही हसते, पण मला जरा उशिरा हसू येतं.

हे सगळं सुरू झालं सकाळी सव्वाअकरा वाजता. वेळ पक्की आठवते, कारण पलीकडच्या राइस मिलचा भोंगा तेव्हा वाजायचा आणि आम्ही लेकुरवाळ्या मांडीवरचं सूप खाली ठेवून लेकरं पदराखाली घ्यायचो. माझी शांता तेव्हा नुकती रांगायला लागली होती. त्या दिवशी तिने तोंड लावलं, लगेच फिरवलं आणि रडायला लागली. पुन्हा जवळ घेतलं, पुन्हा तेच.

माझ्या शेजारी कौसाबाई बसते. रांगेत वयाने सगळ्यांत मोठी, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "पोरगी पिऊन नाही रायली त्यात नवल काय? तुह्या बगलेचा वास मले इथं सोसत नाही, ते तर बिचारी नाक खुपसून रायली."

रांग हसली. मला हसता आलं नाही. माझं पहिलं लेकरू असंच एक दिवस तोंड फिरवून पडलं होतं, आणि मग ते राहिलं नाही. रांगेतल्या सगळ्यांना हे माहीत होतं, पण दुसऱ्याचं दुःख रोज कोण ध्यानात ठेवतं?

घाम मला आधीपासूनच फार. पहिलं लेकरू गेल्यापासून तर जीव घाबरला की बगला भिजायच्या, आणि जीव सदाच घाबरलेला. त्यात कातडी अशी नाजूक की नवी चोळी न धुता घातली तरी पुरळ उठायचं. साबण सोसायचा नाही. पण त्या दिवशी मनाशी ठरवलं, काही करून हा वास घालवायचा. शांता प्यायली पाहिजे.

*

पहिला उपाय लिंबाचा. तो कौसाबाईनेच सांगितला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी अंघोळ झाल्यावर अर्धं लिंबू दोन्हीकडे चोळलं, शांतेला कडेवर घेतलं आणि फुलचूरहून गोंदियाला, ठेकेदाराच्या पडवीवर, पायी निघाले. पोचेपर्यंत बगलेत निखारे ठेवल्यासारखं झालं.

बिडी वळताना कोपर अंगाशी लागतं. माझं लागू देववेना. म्हणून दोन्ही हात पंखांसारखे पसरून बसले. रांगेत बायका खेटून बसलेल्या, तेव्हा माझं एक कोपर कौसाबाईच्या बरगडीत आणि दुसरं पलीकडचीच्या सुपात. दुपारपर्यंत कौसाबाईने सोसलं. मग आपलं सूप बाजूला सरकवून तिने शांतपणे विचारलं, "अंडे उबवून रायली का वो?"

वास मात्र गेला होता. त्याच्या जागी मुरलेल्या लोणच्याचा येत होता. शांतेने त्यालाही तोंड फिरवलं. दिवसभरात जेमतेम दोन घोट प्यायली असेल.

*

माझी नणंद चंद्रकला मुर्रीला दिली आहे. तिचंही लेकरू तेव्हा अंगावर पिणारं. तिने लग्नातलं जपून ठेवलेलं गुलाबाचं अत्तर मला दिलं आणि म्हणाली की कातडीला लावू नको वहिनी, कापसाचा बोळा करून चोळीच्या बाहीत ठेव. मला पटलं. कातडीला लागणारच नाही, तर आग कशाची होईल?

पण तेंदूपान ओलं असलं की कोणताही वास धरतं, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. संध्याकाळी चेकरबाबू बिड्या तपासायला आले. हे उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे, मिशा मोठ्या आणि नाक त्याहून मोठं. त्यांनी माझा कट्टा, म्हणजे बिड्यांची बांधलेली जुडी, उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला आणि परत उचलला. मग सगळ्या रांगेकडे बघत विचारलं, "ये बीड़ी पीके आदमी काम पे जाएगा कि ससुराल?"

माझे दिवसभराचे सगळे कट्टे छाटीत गेले. छाट म्हणजे नापास झालेला माल. पुढे कितीतरी दिवस कुणी नटून आलं की रांग तिला विचारायची, काय वो, काम पे का ससुराल?

मला त्या छाटीचं फारसं काही वाटलं नाही. घरी आल्यावर दिसलं, शांतेचा गाल जिथे माझ्या बाहीला टेकत होता तिथे लाल चट्टा उठला होता. तिची कातडी माझ्यासारखीच निघाली. मी तो कापूस परसात लांब नेऊन पुरला.

*

मग घरचे म्हणाले की न्हावी दाढीनंतर तुरटी फिरवतो, ती लावून बघ. बाजारात फाळणीनंतर आलेल्या एका सिंधी माणसाने दुकान टाकलं होतं. मी तुरटी मागितली. त्याला मराठी नवीन, मला हिंदी बाजारापुरती. तो म्हणाला, "तुरई? सब्जीवाले के पास जाओ, माताजी." तुरटीला हिंदीत फिटकरी म्हणतात हे मला कुठे माहीत! सातवीपर्यंत शिकले, पण पुस्तकात तुरटीवर धडा नव्हता. आणि त्याने मला माताजी म्हटल्याचं वाईट वाटलं ते वेगळंच. चेहरा तसा झाला असेल माझा.

हात हलवत परत आले. रांगेत एकीने सांगितलं, तुरटीचा नाद सोड, सोडा लाव, सोडा वास खाऊन टाकतो. सोडा हा शब्द सगळीकडे एकच, त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी धीटपणे गेले. दुकानदारालाही आपल्याला कळलं याचा आनंद झाला. त्याने विचारलं, "खाने का कि धोने का?"

आता तुम्हीच सांगा. मला सोडा खायचा नव्हता. मला बगला धुवायच्या होत्या. मी पदर सावरून ठसक्यात सांगितलं, "धोने का."

ज्या सोड्यात धोबी मळके कपडे उकळतो, त्या सोड्याने मी बगला धुतल्या. आधीच लिंबाने सोललेल्या. एक दिवस आग झाली, दुसऱ्या दिवशी फोड आले, मग ते दंडावर आणि मानेपर्यंत चढले आणि अंगात ताप भरला.

*

त्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत माता, म्हणजे देवीची साथ, फिरतच होती. कुणाच्या दारावर कडुलिंबाची डहाळी दिसली की माणसं वाट बदलायची. सासूबाईंनी माझी मान पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाल्या, "घरात माता आली."

मी सांगितलं की आत्या, हा सोडा आहे. त्यांनी घाईने आपल्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. "मातेले सोडा म्हणू नोको. आयकून रायली असन ते."

दाराला डहाळी लागली. घरात फोडणी बंद झाली, साबण बंद झाला. मला आतल्या खोलीत कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं. आणि त्याच दिवशी सासूबाईंनी शांतेला उचललं आणि मुर्रीला चंद्रकलेकडे पोचवलं. लेकराला मातेची बाधा नको, तिकडे अंगावरचं दूधही आहे. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. जाताना शांता रडली नाही. पाल्याकडे बघत होती.

दूध मात्र थांबेना. छाती दगडासारखी व्हायची. मी वाटीत पिळून ठेवायचे आणि सासूबाई ती वाटी झाडाच्या बुंध्याशी नेऊन ओतायच्या, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. हे रोज चालायचं. आतून मला ओतल्याचा आवाज यायचा.

*

एका दुपारी कौसाबाई आली. नारळ घेऊन आली आणि चपला रस्त्यावरच काढून आली. आत येईना. उंबऱ्यावर डोकं टेकवून माझ्याकडे हात जोडले. जी बाई मला रोज सळो की पळो करून सोडते ती माझ्या पाया पडत होती, आणि मला उठताही येत नव्हतं.

"माय," ती म्हणाली, "त्या दिवशी वासाचं बोलली मी, ते पोटात घालजो. माह्या नातवायले सांभाळजो."

माता अंगात असलेल्या बाईने उलट बोलायचं नसतं म्हणतात. पण मला एवढंच विचारायचं होतं. मी म्हटलं, "कौसाबाई, माझी शांता पिते का हो?"

तिने डोकं वर केलं नाही. "पिते माय, पिते."

ती मुर्रीला गेली होती का, मला माहीत नाही. हे तिने मला सांगितलं की मातेला, तेही कळलं नाही. ती पाठ न दाखवता मागे मागे चालत अंगण ओलांडून गेली. आता रांगेत ही गोष्ट निघाली की ती म्हणते, मी नारळ परत मागणार होती, पण तुझ्या सासूनं फोडला.

*

दहीभात दाखवून मातेला निरोप दिला. कडुलिंबाचा पाला उकळून थंड केलेल्या पाण्याने मला रोज अंघोळ घालायला लागले. खपल्या गेल्या. खालून नवी कातडी आली, आग नाही की खाज नाही. आणि काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की वास गेला. घाम येत होता, पण वास नव्हता. सासूबाई म्हणाल्या मातेची कृपा. मी मान हलवली आणि पाला उकळणं चालू ठेवलं. वरून आणखी एक करायचे. भिंती सारवायची पांढरी माती, तिला आमच्याकडे छुई म्हणतात, ती वस्त्रगाळ करून कोरड्या बगलेला लावायचे. सुपारीएवढी माती कितीतरी दिवस पुरायची.

पडवीवर परत गेले तेव्हा कौसाबाईने माझ्या बाहीशी नाक आणून बराच वेळ हुंगलं. मग म्हणाली, "काहीच येऊन नाही रायलं वो. जशी तू बसलीच नाही इथं."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आता शांता येईल, आता पिईल.

*

चंद्रकला तिला घेऊन पडवीवरच आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. शांतेने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मानेपाशी नाक आणलं. मग अंग ताठ केलं आणि चंद्रकलेकडे हात करून असं रडली की चेकरबाबू आतून उठून बाहेर आले. चंद्रकलेचं स्वतःचं लेकरू घरी होतं. राहील ती वहिनी, असं म्हणून डोळे पुसत ती निघून गेली.

शांता राहिली नाही. रांगेत सगळ्यांच्या मांडीवर गेली, माझ्या सोडून. पदराखाली घेतलं की किंचाळायची. घरी नेऊन तांदळाची पेज चमच्याने घातली, ती अर्धी ओकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. माझ्या पहिल्याच्या वेळीही त्या अशाच बोलायच्या थांबल्या होत्या.

पडवीवरून निघताना कौसाबाईने मला एवढंच सांगितलं होतं की उद्या काही करू नको. कडुलिंब नाही, छुई नाही, अंघोळसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी तशीच गेले. फुलचूरपासून उन्हात चालत, रडून थकलेली पोर कडेवर घेऊन. पडवीवर कौसाबाईने तिला आपल्याकडे घेतलं आणि मला म्हणाली, वळ बिड्या. मी वळत बसले. बिड्या सैल होत होत्या. भीतीने चोळी भिजली. दुपार चढली तसा तो जुना वास उठला, तंबाखूचा, घामाचा, सगळा मिळून. पलीकडचीने तोंड दुसरीकडे केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शांता रडायची थांबली.

कौसाबाईच्या मांडीवरून उतरली. आमच्या दोघींच्या सुपांवरून रांगत आली, सगळी तंबाखू सांडली. माझ्या दंडाला धरून उभी राहिली आणि बगलेत तोंड खुपसून तशीच राहिली, कितीतरी वेळ. मग तिने स्वतःच्या हाताने चोळी ओढली आणि प्यायला लागली.

कौसाबाईने नाकाला पदर लावला, वाकली आणि शांतेच्या कानाशी म्हणाली, "हे पाह्य वो, आता आली तुही माय."

*

पहिल्या दिवशी तिने तोंड का फिरवलं, दात येत होते की काय, देव जाणे; वासाने नव्हे एवढं खरं. पण कडुलिंबाचं पाणी आणि छुई हा उपाय खरा आहे. जिच्या कातडीला काहीच सोसत नाही, तिला जरूर सांगा. तिनेही पुढे सांगावं. फक्त तिच्या अंगावर पिणारं लेकरू असेल, तर ही शेवटची गोष्ट आधी सांगा आणि उपाय नंतर.