हळदीच्या पेढीवर इंग्रजीची परीक्षा

म्हातारी माणसं एका खोलीत बसवली आणि त्यांच्या हातात काहीतरी नवीन दिलं, की किस्से आपोआप तयार होतात. लिहून ठेवावे लागत नाहीत. विसरायचं म्हटलं तरी डोक्यातून जात नाहीत! आमच्या सांगलीच्या हळदीच्या पेढीवर ते नवीन म्हणजे इंग्रजी.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बी.कॉम. सेकंड इयरला सोडलं होतं. शिकवणाऱ्यांना काही येत नाही, हे माझं मत. घरच्यांचं मत वेगळं होतं. म्हणून मला या पेढीच्या अकाउंट्समध्ये चिकटवलेलं.

पेढीला परदेशी गिऱ्हाईक मिळालं आणि मालकांच्या अंगात आलं. "अकाउंटवाल्यांसाठी इंग्रजीची परीक्षा निघालीय. साताऱ्याला सेंटर हाय. तिघांनी बी बसायचं!"

तिघं म्हणजे हेड अकाउंटंट धनपाल अण्णा, कॅशियर बापू शिंदे आणि मी. बापूंना आणि मला नापास व्हायची मुभा होती. अण्णांना नव्हती. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, तुमी पास न्हाई झाला, तर तुमच्या खुर्चीत पुण्याचा पोरगा बसवणार." रिटायरमेंटला आलेला माणूस! अण्णा खुर्चीच्या हातावर हात फिरवत नुसते "बरं" म्हणाले.

*

शिकवायला एक रिटायर्ड हेडमास्तर ठेवले. यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण कुणाशी इंग्रजीत बोलले म्हणाल तर नाव नको. आणि पत्र म्हणजे त्यांना एकच ठाऊक, रजेचा अर्ज.

प्रश्न होता, गिऱ्हाइकाला त्याच्या हिशोबातली चूक कळवा. सरांनी फळ्यावर उत्तर लिहिलं. हिशोबातली चूक राहिली बाजूला, शेवटच्या ओळीत अकाउंटंट तापानं फणफणलेला!

"सर, ताप कशाला आला?" मी विचारलं.

"सहानुभूती मिळते, गाढवा. लिही!"

*

मग ऐकायच्या पेपरासाठी कॅसेट आली. सरांनी टेपरेकॉर्डर लावला. आतला साहेब म्हणाला, "गुड मॉर्निंग."

बापू ताडकन उभे! हात जोडून, "गुड मॉर्निंग, सर!" ते पुन्हा खाली बसेपर्यंत पहिला प्रश्न संपलासुद्धा.

मी म्हटलं, "बापू, टेपला कसला नमस्कार घालताय?"

"साहेब मोठा माणूस हाय रं. दिसत न्हाई म्हणून काय झालं?"

*

अण्णांनी मात्र धसकाच घेतला होता. घरी काकूंवर सराव चालायचा. एकदा जेवताना म्हणाले, "काइंडली सबमिट वन भाकरी."

काकूंनी पुढचं ताटच उचललं. "आवं, पास व्हा न्हाईतर राहा. पर भाकरी मराठीत मागा, न्हाईतर उपाशी झोपा!"

दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात आले ते सुस्कारा टाकतच. "मराठी लय गोड भाषा हाय, गड्या!"

*

परीक्षेच्या दिवशी साताऱ्याला जाताना बापूंनी जीप औंधकडं वळवली. "यमाईला पेन दाखवल्याबिगर मी एक अक्षर लिवणार न्हाई!" पायऱ्या चढताना बापूंचा दम निघाला. पेन मात्र ठणठणीत वर पोचलं.

साताऱ्यात पोचलो तेव्हा हॉलचं दार लावायला घेतलेलं. सुपरवायझर खेकसला, "ही काय यायची वेळ?"

बापूंनी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. प्रसाद म्हटल्यावर तो तरी काय करणार? बिचाऱ्यानं चप्पल काढली, तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला, आम्हाला आत घेतलं आणि हळूच विचारलं, "औंधचा का? अजून एक द्या की, घरी न्यायला!"

*

राहिली तोंडी परीक्षा. मुंबईहून आलेल्या परीक्षक मॅडम गिऱ्हाईक व्हायच्या आणि म्हणायच्या, आमचा तोटा लपवलाय, तेवढी हिशोबावर सही करा. आपण त्यांना न दुखवता इंग्रजीतून नकार द्यायचा.

मी आत गेलो, "नो" म्हटलं आणि बाहेर आलो. म्हणूनच नापास झालो. पण अण्णांचं काय? या माणसानं मालकांना आजवर कशालाच नाही म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. मला त्याची चीड यायची. हा कसला नकार देणार! गेली खुर्ची!

दार अर्धवट उघडं होतं. मी कान लावला.

मॅडमनी सही मागितली. अण्णा म्हणाले, "फर्स्ट टेक टी, मॅडम."

चहा नको, सही आजच पाहिजे.

"टुडे माय ब्रदर्स डॉटर मॅरेज. इस्लामपूर."

मग उद्या?

"टुमारो ऑल्सो मॅरेज. अनदर डॉटर. पलूस."

मॅडमचा आवाज चढला. म्हणजे तुम्ही नकार देताय का?

"नो, नो, मॅडम! हाऊ कॅन आय रिफ्यूज? यू ऑल्सो कम फॉर मॅरेज!"

आतून मॅडमच्या हसण्याचा आवाज आला.

निकाल लागला आणि अण्णा पास! तोंडीला तर आमच्यात सगळ्यात जास्त मार्क! मालकांनी स्वतः पेढे आणले, अण्णांना त्यांच्याच खुर्चीत बसवून पहिला पेढा हातात दिला आणि मला म्हणाले, "सांग की रं, काय काय झालं तिथं?"

मी मॅडमच्या आवाजासकट सगळं करून दाखवलं. ऑफिस हसून लोळायला लागलं. मालकही हसले. मग हसता हसता मधेच थांबले.

"अण्णा, मागल्या मार्चला मला हिशोबावर एक सही पायजे हुती. तवा तुमी लग्नाला गेला हुता न्हवं?"

"व्हय, मालक."

"आन् त्याच्या आदल्या मार्चला?"

"तवाबी लगीनच हुतं."

मालक अण्णांकडं बघतच राहिले.

"अण्णा, तुमास्नी पुतण्या तरी किती हायत?"

अण्णांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. धोतराला हात पुसले.

"लागतील तेवढ्या, मालक!"