किल्ली आणा

कॅसेटच्या कव्हरवर माझ्या धाकट्या भावाचा दहावीतला फोटो आहे. तेल लावून चापून बसवलेले केस, भोवती छापलेला हार, खाली ‘भावपूर्ण आदरांजली’. त्याच्या गाण्यांत आदर कुणालाच नव्हता.

तो आणि वाडीतले दोन मित्र, एवढाच त्यांचा बेंजो ग्रुप. भाऊ गायचा आणि बेंजो वाजवायचा, एकजण ढोलकीवर, दुसरा तेलाच्या रिकाम्या डब्यावर. लग्नाची सुपारी त्यांना क्वचितच मिळे; दुसऱ्या गाण्यालाच नवऱ्याकडची माणसं कानांवर हात ठेवत. सरावासाठी वाडीचा बुद्धविहार होता, पण त्याची किल्ली मुंबईत. मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मंडळाने वर्गणी काढून विहार बांधला, कुलूप घातलं, आणि मंडळाचे सेक्रेटरी, म्हणजे आमचे चुलते नाना, किल्ली परळला घेऊन गेले. म्हणून पोरं सड्यावर, उघड्या कातळावर वाजवत. तिथेच भावाने ‘किल्ली आणा’ हे गाणं केलं. एकेका कडव्यात मंडळाचा एकेक पदाधिकारी सोलून काढलेला. नानांचं कडवं सर्वांत लांब. प्रत्येक कडव्यानंतर तिघे बेंबीच्या देठापासून ओरडत, “किल्ली आणा!”

मी माझ्या टेपरेकॉर्डरवर ती सगळी गाणी भरून घेतली.

“ताय, तू पण ओरड की गो,” भाऊ म्हणाला. “मास्तरीण झालीस म्हणून आवाज बसला काय?”

मी हसले, ओरडले नाही. पुन्हा कुणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन्ही चिमुकले तुकडे मात्र मोडून टाकले.

पुढे मित्र नोकरीसाठी मुंबईला गेले आणि ग्रुप मोडला. त्यानंतरच्या पावसाळ्यात भाऊ काविळीने गेला.

नाना भेटायला आले. “बाय, पोराचा आवाज घराघरांत जाऊदे. टेप दे माझ्याकडं.”

मी दिली. पहिल्या स्मृतिदिनाच्या आधी मंडळाची कॅसेट आली. सुरुवातीला नानांचं भाषण, ‘आमचा गुणी पुतण्या’. मग पाच गाणी. ‘किल्ली आणा’ नाही.

“तेवढी टेप खराब झालेली गो. त्याला मी काय करणार?” असं म्हणून नानांनी मूळ कॅसेट परत दिली.

घरी येऊन पाहिलं. मोडलेल्या तुकड्याच्या भोकावर, पुन्हा भरता यावं म्हणून, चिकटपट्टी लावलेली होती. कॅसेट लावली. गाण्याच्या जागी नाना. ‘आमचा गुणी पुतण्या’ म्हणत अडखळले, खाकरले, पुन्हा पहिल्यापासून. साऱ्या परळात यांना एक कोरी कॅसेट मिळाली नाही? भाषणानंतर खट्ट आवाज, मग भावाचं नुसतं “आणा!” आणि त्याचं हसणं. लोक म्हणतात, तेवढं तरी राहिलं. मला ही समजूत नको. शब्द मला पाठ आहेत. आवाज कुठून आणू?

स्मृतिदिनाला विहार उघडला. माणसांनी भाषणं केली. सगळे बाहेर आल्यावर नानांनी कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाले, “बाय, शिकलेली तू. चार शब्द तरी बोलायचेस.”

“दोनच आहेत, नाना,” मी म्हणाले. “किल्ली आणा.”

मागे कुणीतरी हसलं.

“ती मंडळाची हाय,” नाना म्हणाले. “मुंबईत विचारावं लागेल.”

मी हात पुढे केला होता. तो तसाच ठेवला.