एम.एस्सी.ची पाठराखीण

आमच्या गावात मुलगी घर सोडून जायची ती एकाच कारणाने, आणि त्या कारणाला मांडव लागायचा. त्यामुळे मला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या करावे नावाच्या गावात नेमकं काय करायचं ते कुणालाच कळेना. मग ज्याला जे येत होतं ते त्याने केलं. सगळ्यांनी मिळून माझं लग्न लावलं, नवरा तेवढा वगळून.

हे ऐंशीच्या दशकातलं. आमची भातशेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली होती आणि भरपाईच्या पैशांतून बाबांनी एक ट्रक घेतला होता. त्या ट्रकातून ते डोंगराची माती आणत आणि आपल्याच जुन्या शेतात ओतत, म्हणजे पुढे तिथे दुसऱ्यांच्या इमारती उभ्या राहाव्यात. याला गावात धंदा म्हणत. शहराचं नाव पडलं होतं नवी मुंबई, पण त्यात राहायला अजून फारसं कुणी आलं नव्हतं. होतो ते आम्हीच, आणि आम्हाला कुणी त्यात धरत नव्हतं.

मी वाशीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. मुंबईत पुढचा प्रवेश हुकला, पुण्याला मिळाला. बाबांनी ही बातमी पानवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना छाती फुगवून सांगितली आणि घरी येऊन मला म्हणाले, जायचं नाही. अभिमान बाहेरचा आणि निर्णय घरातला, अशी त्यांची चोख विभागणी होती. काका कॉलेजात एक परीक्षा नापास होण्याइतपत राहिले होते, त्यामुळे भावकीत शिक्षणाचे जाणकार तेच. त्यांचं मत पडलं की केमिस्ट्रीच शिकायची तर पुणं कशाला, तळोजा काय वाईट आहे, तिथे नुसतं श्वास घेत उभं राहिलं तरी केमिस्ट्री आत जाते.

तळोज्याचं नाव त्यांनी उगाच काढलं नव्हतं. तिथल्या एका कारखान्यात ऑपरेटर असलेल्या मुलाकडचे आमच्याकडे चहा-पोहे खाऊन गेले होते. मुलगा बारावी. मुलगी बी.एस्सी. आहे हे त्यांनी मोठ्या मनाने चालवून घेतलं होतं, पण आता आणखी शिकवू नका म्हणाले, घरात वरखाली होतं. दिवाळीनंतरची तारीख बघू या, असं बोलणं होऊन राहिलं होतं.

मी जेवण सोडलं. हा उपाय मी वर्तमानपत्रात वाचला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने बाबांचंही ताट वाढायचं बंद केलं, तेव्हा त्यांना तोडगा सुचला. माझ्याबरोबर आत्याला पाठवायचं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा खाडीत बुडाला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. तिला ना संसार ना पोरं, म्हणजे ती रिकामी, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे भावकीतल्या कुठल्याही मुलीचं लग्न झालं की नवरीबरोबर पाठराखीण म्हणून तिलाच पाठवायचे. पहिले चार दिवस नव्या सासरी मुलीच्या सोबतीला राहायचं, घर कसं आहे, माणसं कशी आहेत ते बघायचं आणि परत येऊन ओट्यावर बसून सांगायचं. ती दर वेळी एकच सांगायची, सगला बरा हाय. मग ओट्यावरचे सगळे समाधानाने उठून आपापल्या घरी जायचे.

बाबांनी मला बजावलं, "आत्या बघल. ती बोलली बरा हाय, तर रव्हशील. नाय बोलली, त तिचेबरोबर परत यायचा. मंग दिवाली."

तर असं माझं पदव्युत्तर शिक्षण, आत्याच्या पसंतीवर टांगलेलं. मी त्या दिवसापासून तिच्यापुढे चहाचे कप नाचवायला लागले.

तयारी सुरू झाली. विभागाकडून जे कळलं होतं त्यात पांढरा एप्रन, लॉगॅरिदमची कोष्टकं आणि कॅल्क्युलेटर लागणार होता. आईने हे ऐकून घेतलं आणि पनवेलला जाऊन कळशी, तांब्या, डबे, परात आणि सहा ताटं आणली. मी विचारलं, सहा कशाला, तर म्हणाली, कोण आलं-गेलं तर. भांड्यांवर नाव घालणाऱ्याने सवयीने "शुभविवाहाप्रीत्यर्थ" असं कोरून टाकलं. आईला ते वाचता येत नव्हतं, आणि मी बघितलं तेव्हा उशीर झाला होता. भावकीतून आहेर आले. ब्लाउजपीस आले, नवरा-बायको झोक्यावर बसल्याचं चित्र असलेलं भिंतीवरचं घड्याळ आलं, एका मामीने तर पाळण्याला लावायचं खेळणं दिलं, पुढेमागे लागेलच म्हणाली. पेन मात्र एकाही माणसाला सुचलं नाही.

शेत जाऊन काही वर्षं झाली होती, पण मुलगी घरचा तांदूळ घेतल्याशिवाय निघत नाही. म्हणून बाबांनी वाण्याकडून पोतं आणलं आणि ते घरचं म्हणून ट्रकात चढवलं. एप्रन शिवून आला तर आईचा चेहरा पडला. निघणाऱ्या मुलीच्या अंगावर कोरं पांढरं कसं घालायचं? तिने एप्रनच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लावलं. आत्याने आपल्या हाताने एक गाठोडं बांधलं, त्यात सोडे, सुकट आणि वाकट्या, सगळी सुकी मासळी. पुण्याला खाडी नाही हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि तिला माझी फार कीव आली होती.

निघायच्या सकाळी धवलारीण बोलावली. ही आमच्याकडे लग्नात गाणी म्हणणारी बाई. एम.एस्सी.ला निघालेल्या मुलीसाठी काय म्हणायचं ते तिच्या आईने तिला शिकवलेलं नव्हतं. म्हणून तिने हळदीचीच गाणी म्हटली आणि नवऱ्याचा उल्लेख यायचा तिथे तेवढं खोकून घेतलं. बायका डोळे पुसत होत्या. माझी ओटी भरली. ट्रक धुतला होता, बाबांनी पुढे झेंडूची माळ बांधली होती. मागे तांदूळ, परात आणि घड्याळ, पुढे बाबा, आत्या आणि हिरव्या बांगड्या घातलेली मी, अशी आमची वरात खंडाळ्याचा घाट चढली.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई फाटकात उभ्या होत्या. ट्रक बघून त्यांना वाटलं, बांधकामाची वाळू आली. त्यांनी हाताने मागची बाजू दाखवली आणि बाबांनी निमूटपणे तिकडे ट्रक घेतला. माझा विद्यापीठातला प्रवेश असा कोळशाच्या खोलीकडून झाला.

बाबा सामान उतरवून गेले. आत्या राहिली. रेक्टरबाईंनी नियम वाचून दाखवला की आई, वडील किंवा भाऊ यांना भेटीच्या वेळेत भेटता येईल. आत्याने शांतपणे सांगितलं की ती यांतली कुणीच नाही. नियमात आत्या नव्हतीच, त्यामुळे तिला कुठल्या नियमाने बाहेर काढायचं ते बाईंना सापडेना, आणि आत्याने माझ्या खोलीत चटई अंथरली. इतकी शिकलेली बाई आणि आमच्या आत्यापुढे कागद चाळत उभी राहिली, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला. तो शेवटचाच.

माझी खोलीतली जोडीदारीण जिल्ह्याच्या गावची, वकिलाची मुलगी होती. बोलायला अतिशय गोड. तिने परातीवरची अक्षरं वाचून विचारलं, तुझे मिस्टर कुठे असतात? मी म्हटलं, मिस्टर नाहीतच, तर तिने भिंतीवरच्या झोक्यातल्या जोडप्याकडे बघितलं आणि समजून घेतल्यासारखी मान हलवली. संध्याकाळपर्यंत मजल्यावर माझ्याविषयी दोन मतं झाली होती. काहींच्या मते मला नवऱ्याने टाकली होती आणि काहींच्या मते मी पळून आले होते.

आत्या कामाला लागली होती. तिने नळाला पाणी किती वेळ असतं ते बघितलं, मोरीच्या दाराची कडी ओढून बघितली, खानावळीतल्या आमटीत बोट घालून बघितलं. पोरींना थांबवून कुठल्या गावची, घरी कोण, विचारत फिरली. मी जीव मुठीत धरून तिच्या मागे. तिने आमटीला नाक मुरडलं की मला वाटायचं, गेलं आपलं एम.एस्सी., आली दिवाळी.

विभागात पहिल्या दिवशी सरांनी गाव विचारलं. मी ऐटीत नवी मुंबई म्हटलं. ते म्हणाले, तिथे कुणी राहतं का? वर्ग हसला. प्रयोगशाळेत एप्रनवर अल्कली सांडली आणि आईच्या हळदीचं बोट लाल झालं, तेव्हा दुसऱ्यांदा हसला. हळदीचा रंग अल्कलीत बदलतो हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती हळद एप्रनवर कशी आली, हे मला सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाठोड्याने घात केला. दुपारी आत्याने कोपऱ्यातल्या स्टोव्हवर दोन वाकट्या भाजल्या. मला चांगलंचुंगलं मिळत नाही म्हणून, प्रेमाने. मी परतले तेव्हा जिन्यापासून मुली नाकाला रुमाल लावून उभ्या होत्या. जोडीदारणीची गादी बाहेर काढलेली होती. तिने खोली बदलून मागितली होती, अतिशय गोड शब्दांत. मला तुझ्याबद्दल काहीच नाही गं, म्हणाली, पण आमच्याकडे सवय नाही. रेक्टरबाईंना या वेळी नियम लगेच सापडला. त्यांनी मला सगळ्यांसमोर सांगितलं की अशा वस्तू इथे चालणार नाहीत आणि राहायचं असेल तर इथल्यासारखं राहावं लागेल.

मी ते गाठोडं उचललं आणि खानावळीमागच्या कचऱ्यात टाकून आले. आत्या खिडकीतून बघत होती.

रात्री त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मला इतकी लाज वाटत होती, आणि त्या मुलींची, गावाची, आत्याची, कुणाची वाटतेय तेही कळत नव्हतं. मी तिला म्हटलं, मला इथे नाही राहायचं, मला घेऊन चल. बाबांना सांग की जागा वाईट आहे. ज्यासाठी मी जेवण सोडलं होतं त्याच्यावर मी स्वतःच पाणी सोडत होते, आणि त्या घटकेला मला तळोज्याचा ऑपरेटरही चालला असता. तो निदान मासे तरी खात होता. आत्या म्हणाली, झोप.

सकाळी तिने आपली पिशवी भरली. माझी ट्रंक मी आधीच भरून ठेवली होती. ट्रंकेकडे तिने पाहिलंच नाही, म्हणाली, मला गाडीवर सोडायला चल. मला वाटलं, ट्रंक न्यायला बाबा ट्रक घेऊन येतील. एस.टी. स्टँडवर पनवेलची गाडी लागली होती. मी विचारलं, बाबा कधी येणार न्यायला? तिने पिशवी काखेला मारली आणि गाडीकडे निघाली. मग मात्र मी तिचा पदर धरला आणि भर स्टँडवर रडायला लागले.

तिने पदर सोडवून घेतला. "सगल्या पोरी हेच करतान," ती म्हणाली. "तिसरे-चवथे दिशी पदर धरतान, रडतान, बोलतान मना घेऊन चल. मी एकीला पन परत नाय आनली."

हे ती सांगत असताना मला आमच्या आळीतली एक मुलगी आठवली. मी शाळेत असताना तिचं लग्न झालं होतं. वर्ष व्हायच्या आत सासरी स्टोव्हने भाजून गेली, निदान आम्हाला तसं कळवण्यात आलं. तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून आत्याच गेली होती.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिलाही तीच आठवली असावी, कारण पुढचं ती माझ्याकडे न बघता बोलली.

"दोन-तीन अशा व्हत्या, का त्यांना आनाला पायजे व्हती. तू त्यांतली नाय."

मग ती गाडीत चढली आणि पलीकडच्या खिडकीला बसली. मला तिचा भयंकर राग आला होता. त्या रागातच मी डोळे पुसले आणि प्रॅक्टिकलला गेले.