हिराबाईंचे दहा मासे

"तुजे कंपनीचे पान्यान आमचे मासे टाक. चार दिस जगले, त तल्याचं बोलू!"

गावदेवीच्या देवळासमोर भर ग्रामसभेत हिराबाई मला म्हणाल्या. वय सत्तर, गावात शब्दाला मान. मी लॅपटॉप मिटला.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत मी पर्यावरण अधिकारी आहे. कायद्याने कंपनीला नफ्यातला काही भाग समाजासाठी वापरावा लागतो, तो सीएसआर. त्यातून बदलापूरजवळच्या या आगरी गावाच्या तळ्यातला गाळ आम्ही काढणार होतो, तोही पावसाआधी. पण ग्रामसभेचा ठराव हवा, आणि आमच्या सांडपाण्याचा नाला मिळतो त्यांच्याच ओढ्याला.

प्लांट हेड लालवानी साहेब उल्हासनगरचे. ते चिडले. "अरे बाबा, तलाव फुकट देतोय, वर परीक्षा पण आपलीच?"

"साहेब, ही परीक्षा आपल्या परवान्यातही आहे."

खरंच आहे. तिला बायोअसे म्हणतात. शुद्ध केलेल्या पाण्यात मासे चार दिवस ठेवायचे, दहातले नऊ जगले पाहिजेत. सरकारला द्यायच्या अहवालातली ती ओळ मी लॅबचा रिपोर्ट बघून भरत आलो होतो. मासा कधी बघितला नव्हता.

हिराबाईंनी तळ्यातले दहा मासे दिले. आम्ही गेटवर काचेच्या टाकीत कंपनीचं शुद्ध केलेलं पाणी भरून ते सोडले. दुसऱ्या सकाळी सहा मासे उलटे तरंगत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाण्यात हवा सोडणाऱ्या दोन ब्लोअरपैकी एक महिनाभर बंद होता. ऑपरेटर म्हणाला, "सर, तुम्ही रिपोर्ट मागायचे. पाणी बघायला कधी आलात?"

लालवानी साहेब हळूच म्हणाले, "आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या मार्केटमधून दुसरे आणून टाक. मासा काय आधार कार्ड दाखवणार?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. पण मेलेले मासे बादलीत घेऊन मी हिराबाईंच्या ओटीवर गेलो. त्यांनी बादलीत बघितलं, मग माझ्याकडे.

"खोटा नाय बोललास. जा, मशीन सुदार. मासे मी दुसरे देते."

ते ऐकून साहेबांनी मला शिव्या घातल्या आणि ब्लोअर दुरुस्त होईपर्यंत प्लांट बंद ठेवला. दोन्ही गोष्टींसाठी मला ते आवडतात.

यावेळी चौथ्या दिवशी दहाच्या दहा पोहत होते. ठराव झाला, गाळ पावसाआधी निघाला. ठरावात हिराबाईंनी एक अट घातली: टाकी गेटवरच राहील आणि मासे गावाचेच असतील.

कंपनीच्या सीएसआर पुस्तिकेत तळ्याचा फोटो आहे, टाकीचा नाही. मी मात्र रोज सकाळी आधी टाकीत डोकावतो, मग रिपोर्टवर सही करतो.