चोवीस सुगडं आणि एक मोटरसायकल

मोटरसायकल मी आयुष्यात एकदाही चालवलेली नाही. तरी जयपूरच्या मराठी मंडळींत माझं नाव निघतं ते मोटरसायकलमुळेच. (नाव निघतं म्हणजे चांगलंच निघतं असं नाही, पण निघतं.)

आमची जयपूरला बदली झाली तेव्हा देशात नुकतेच मीटर आणि किलोग्रॅम आले होते. मी सरकारी हिशेबखात्यात. आमच्या नोकरीत बदली ठरलेली, आणि बदलीत सामान हरवणंही ठरलेलं. म्हणून मी एक पद्धत घालून घेतली होती: निघण्यापूर्वी प्रत्येक नगावर घट्ट पांढऱ्या तैलरंगानं क्रमांक घालायचा. ट्रंका, वळकट्या, पाटा, वरवंटा, सगळ्यांवर. (पाटा नग सात, वरवंटा नग आठ. जोडी आहे म्हणून एकच क्रमांक द्यावा असं काही लोक म्हणतात. ते चूक आहे. वरवंटा एकटा हरवू शकतो.) आमच्या हिचं, म्हणजे सुशीलाचं, यावर एकच म्हणणं असे : "मी फार वेळ एका जागी उभी राहत नाही म्हणून. नाही तर माझ्यावरही घातला असता."

हिचा धाकटा भाऊ मधू लष्करात कॅप्टन होता आणि योगायोगानं तोही तेव्हा जयपूरच्या छावणीत होता. त्याच्या पलटणीचे वार्षिक खेळ जवळ आले होते. त्यात मोटरसायकलची एक स्पर्धा असे: जमिनीवर ओळीनं शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची, एकालाही धक्का न लावता. छावणीच्या मैदानावर सराव केला तर बाकीचे स्पर्धक बघत बसतात, म्हणून संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी मधू गाडी घेऊन आमच्याकडे आला. आमच्या घरामागं मोठं मोकळं मैदान होतं.

"दाजी, जागा झकास आहे," तो म्हणाला, "पण शंकू नाहीत. विटा मांडू?"

मी विटांना हरकत घेतली. विटेला चाक लागलं तर वीट जागची हलत नाही, माणूस हलतो. रिकामे डबे सुचवले, तर वारा होता, डबे गडगडले. घरमालकाच्या कुंड्यांचा विचार केला, पण घरमालक गच्चीवर पतंग उडवत होते आणि त्यांना वरून सगळं दिसत होतं. शंकूसाठी वस्तू लहान हवी, वाऱ्यानं न हलणारी हवी, आणि धक्का लागलाच तर तिनं मोडावं, माणसानं नाही. एवढ्या अटी पुऱ्या करणारी एकच वस्तू घरात होती. ती पलंगाखालच्या टोपलीत, गवतात ठेवलेली होती.

ती सुगडं होती.

इथं जरा थांबून सांगायला हवं. आमच्याकडं संक्रांतीला ही मातीची छोटी बोळकी गाजरं, बोरं, हरभरे, तिळगूळ घालून सवाशिणींना देतात. जयपूरच्या कुंभाराला सुगड ठाऊक नव्हतं. सुशीला त्याच्याकडं चार वेळा गेली होती. हातांनी आकार दाखवला होता, "भैया, मटका नहीं, कुल्हड़ भी नहीं," असं समजावलं होतं, आणि पाचव्या खेपेला मनासारखी चोवीस सुगडं घेऊन आली होती. जयपूरमधल्या सगळ्या मराठी बायकांचं एकत्र हळदीकुंकू त्या वर्षी प्रथमच आमच्या घरी होणार होतं. त्याला दुर्गाकाकू येणार होत्या. दुर्गाकाकू म्हणजे आमच्या साहेबांच्या पत्नी. नऊवारी, करारी, आणि रीतीभातीतलं सगळं जाणणाऱ्या. मागच्या वर्षी एका घरी त्यांनी तिळगुळात वेलदोडा जास्त झाला म्हटल्यावर त्या घरच्या बाईंनी पुन्हा कुणाला बोलावलंच नव्हतं. सुशीलाला आठवडाभर झोप नव्हती.

तर ती सुशीला हरभरे आणि गाजरं आणायला सकाळच्या बसनं आमेरला गेली होती.

मधू म्हणाला, "ताई मारेल."

मी त्याला समजावलं. एका मोटरसायकलची रुंदी किती, दोन सुगडांमधलं अंतर किती ठेवता येतं, दोन्ही बाजूंना किती मोकळीक उरते, हे मी कागदावर मांडून दाखवलं. धोका नगण्य होता. मधूनं कागदाकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, आणि तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तर."

मी टेप घेऊन मैदानात सुगडं मांडली. पालथी, कारण पालथं भांडं स्थिर बसतं. चष्मा लावून, गुडघ्यांवर रांगत, एकेक सुगड बोटभर इकडं, बोटभर तिकडं करणारा माणूस पाहून रस्त्यानं जाणारा एक धोबी सायकलवरून उतरला आणि हात जोडून म्हणाला, "बाबूजी, किस देवता की पूजा है?"

मधूनं पहिली फेरी मारली. एकही सुगड हललं नाही. पण त्याचं समाधान नव्हतं. "दाजी, ते चौथं जरा आत घ्या."

"डावीकडून चौथं की उजवीकडून?"

"येताना चौथं."

"येताना म्हणजे जातानाचं एकविसावं?"

असं तीनदा झालं. बोलण्यात निम्मी सकाळ चालली होती आणि आमेरची बस परतायची होती. अशा गोंधळावर उपाय एकच असतो, आणि तो माझ्या ट्रंकेत डबीत होता. मी ब्रश आणला आणि प्रत्येक सुगडाच्या वर आलेल्या बुडावर ठळक क्रमांक घातला, एक ते चोवीस. मग काम कसं सुरळीत झालं! "नग नऊ आत. नग पंधरा बाहेर." मधूनं वीस फेऱ्या मारल्या. शेवटच्या पाच तर त्यानं अशा घेतल्या की गच्चीवरून घरमालकांनी पतंग सोडून टाळ्या वाजवल्या.

एकही सुगड फुटलं नाही. एकालाही चरा नाही. मी ती मोजून, पुसून टोपलीत ठेवायला लागलो तेव्हा माझ्या मनात जे समाधान होतं, तसं मला फक्त ताळेबंद पहिल्या बेरजेला जुळला की होतं.

मग मी नग एक सुलटं केलं आणि लक्षात आलं की तैलरंग पुसला जात नाही.

तो जात नाही म्हणूनच मी तो वापरतो, हे मला आठवलं. तरी नग एकवर रॉकेल लावून पाहिलं. आकडा निम्मा गेला, वास पूर्ण बसला. उरलेल्या तेविसांना तो प्रयोग करण्यात अर्थ नव्हता. मी विचार केला: सुगड बायका कुठून बघतात? वरून. बूड बघण्याचं काही कारणच नाही. सगळी सुगडं सुलटी, आकडे खाली, गवत वर. बस आली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुगडं ओळीनं मांडून द्यायचं काम मी आपणहून घेतलं, आणि सुशीलानं ती जागच्या जागी भरली. दुपारी घर काळ्या साड्यांनी गजबजलं. पुरुषांना बाहेरच्या खोलीत मज्जाव, म्हणून मी आणि मधू आतल्या खोलीत पडद्यामागं बसलो होतो. सुशीलानं अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, सुगडं वाटली. कुणी तरी हळूच विचारलं की तीळ रॉकेलच्या चुलीवर भाजलेत का, पण तेवढ्यावर भागलं. दुर्गाकाकूंनी तिळगूळ तोंडात टाकला. "बरा झालाय," त्या म्हणाल्या. पडद्याच्या फटीतून मला सुशीलाचे खांदे खाली आलेले दिसले.

मग काकू सुगड पदराखाली घ्यायला गेल्या आणि त्यांच्या बोटांना खाली काही तरी खरखरीत लागलं. त्यांनी सुगड डोळ्यांसमोर उचललं.

"सुशीला, माझ्या सुगडाखाली अकरा आकडा का गं?"

मग तेवीस बायकांनी आपापलं सुगड उलटून पाहिलं. सुगडं भरलेली होती हे त्यांच्या नंतर ध्यानात आलं. बोरं पलंगाखाली गेली, हरभरे उंबऱ्यापर्यंत आले, आणि त्या पावसात एकेक आवाज उठू लागला: "माझं सतरा." "माझं सहा." "माझं नऊ आहे की सहाच उलटं?" (नऊच होतं. मी खाली रेघ दिली होती.)

सुशीलानं पडद्याकडं पाहिलं. माझा रंग आणि माझं अक्षर ती सात बदल्यांपासून ओळखत होती. मधूच्या गाडीच्या चाकांच्या खुणाही तिनं मैदानात पाहिल्या असाव्यात. तिला सगळं कळायला एक श्वास लागला. दुसरा श्वास घेऊन ती काकूंकडं वळली.

"सोडत आहे, काकू. शेवटी सांगणार होते."

"सोडत? हळदीकुंकवाला?"

"नवीन गाव आहे, म्हटलं काही नवीन करावं."

"आणि बक्षीस काय?"

"मोटरसायकलवरून मैदानाला एक फेरी. आमचा मधू चालवील."

मधूनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अहो, चिठ्ठ्या झाल्या का लिहून?" इतका गोड 'अहो' मी लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

मी कागद फाडून लिहायला बसलो. मधू कानाशी आला. "दाजी, सगळ्यांवर अकरा लिहा. म्हातारी खूश, ताई सुटली."

मी नकार दिला. सोडत म्हणजे सोडत. एक ते चोवीस, एकदाच प्रत्येकी. मधूनं कपाळाला हात लावला आणि चिठ्ठ्यांचा वाडगा बाहेर नेऊन दिला.

चिठ्ठी निघाली तेवीस. ती एका नव्या नवरीची होती. मोटरसायकल म्हटल्यावर ती रडायच्या बेतात आली. सासरी कळलं तर काय म्हणतील, साडी नवी आहे, मला चक्कर येते. सुशीला उभ्या जागी पांढरी पडत चालली होती, आणि आत मी मनातल्या मनात अकराच्या त्या तेवीस जादा चिठ्ठ्या लिहीत होतो.

"तू राहू दे गं," दुर्गाकाकू म्हणाल्या. त्यांनी सुगड बाजूला ठेवलं आणि पदर खोचला. "मी बसते."

नऊवारी हे खरं म्हणजे मोटरसायकलचंच वस्त्र आहे, हे आम्हा सर्वांना त्या दिवशी कळलं. काकू मधूमागं दोन्हीकडं पाय टाकून बसल्या आणि एक फेरी ठरली असताना त्यांनी चार मारायला लावल्या. वर आकाशभर पतंग, खाली मैदानाच्या कडेनं सगळ्या काळ्या साड्या, आणि मध्ये काकूंचा आवाज: "मधुकर, हळू कुणासाठी चालवतोस?"

उतरल्यावर त्यांनी केस नीट केले आणि सुशीलाला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पण नंबर घाल. पण तिळगुळात वेलदोडा थोडा वाढव."

सगळ्या गेल्यावर आम्ही दोघं बोरं गोळा करत होतो. मी सांगितलं की चोविसांतलं एकही फुटलं नव्हतं. सुशीलानं पलंगाखालून विचारलं, "मांडली कशी होती?"

"पालथी."

"देवाच्या पूजेची सुगडं. पालथी. मैदानात."

"त्याशिवाय आकडा दिसला नसता," मी म्हणालो. यावर ती बराच वेळ पलंगाखालून बाहेर आली नाही. ती हसत होती हे मला उशिरा समजलं.

मधू स्पर्धेत दुसरा आला. तिथं खरे शंकू होते, लाकडी. ते फुटत नाहीत हे ठाऊक असल्यामुळं त्यानं दोन पाडले.

दुर्गाकाकूंचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती, तेव्हा दर संक्रांतीला सुगडांखाली नंबर घालण्याचं काम माझ्याकडं आलं ते आलंच. काकूंची बदली झाली, मधूची झाली, माझी तेवढी झाली नाही, निम्मी मंडळी बदलून नवी आली. गेल्या वर्षी नव्यानंच आलेल्या एका बाईंनी मला आपलं सुगड उलटं करून दाखवलं आणि समजावून सांगितलं की सुगडाखाली आकडा लिहायची ही साताऱ्याकडची फार जुनी चाल आहे, त्यामागं शास्त्र आहे, हल्लीच्या पुरुषांना ते ठाऊक नसतं.

मी साताऱ्याचा. मी मान डोलावली. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून गेलेला एकही आकडा वरच्या कचेरीनं हरकतीशिवाय मान्य केलेला नाही. हेच काय ते चोवीस.