काकांच्या पाठीमागचा बर्फ

बडनेऱ्याला माझ्यासोबत गाडीत बसताच काकूंनी पिशवीतला फोटो चाचपून पाहिला. तरुणपणी काका गंगोत्रीच्या पुढे गोमुखला गेले होते, तिथला हा फोटो. दोन शेंड्यांच्या शिळेवर काका, पाठीमागे बर्फाची भिंत. नांदगाव खंडेश्वरात मात्र कोणाला ते पटत नसे. फोटो अमरावतीच्या स्टुडिओतला, बर्फ पडद्यावरचा, असं म्हणून लोकांनी त्यांना मरेपर्यंत छळलं. आता त्याच शिळेवर बसून फोटो काढायचा आणि गावाचं तोंड बंद करायचं, हा काकूंचा बेत.

कापसानं अख्ख्या वऱ्हाडाला रडवलेली ती वर्षं. "अशा सालात कोठी चालली?" असं शेजारणीनं विचारलं, तर काकू म्हणाल्या, "कापूस तं दरसाली रडवते. मी काय तेच पाह्यत बसू?"

गंगोत्रीहून पुढे खेचर केलं. काकूंनी त्यालाही ठेचा-भाकरी देऊ केली. त्यानं भाकरी खाल्ली आणि ठेच्याचा वास घेऊन जी मान फिरवली, ती संध्याकाळपर्यंत काकूंकडे वळवली नाही. भोजबाश्याला मुक्काम करून सकाळी निघालो, तर वाटेतच ती शिळा दिसली. पाठीमागे नुसते दगडधोंडे. बर्फ पार लांब.

माझं तोंड उतरलं. असा फोटो नेला तर काका कायमचे खोटे ठरणार होते. काकूंना मात्र शिळेवर लाल रंग दिसला. शेंदूर फासलेला दगड दिसला की आमच्याकडे हात आपसूक कुंकवाकडे जातो. त्यांनी डबी उघडून कुंकू वाहिलंसुद्धा.

"माताजी, ये भगवान नहीं है," टेप घेऊन आलेला मोजणीवाला हसत म्हणाला. बर्फाचं टोक जिथे असेल तिथल्या दगडावर रंगानं खूण करायची आणि साल लिहायचं. पुढच्या खेपेला खुणेपासून बर्फापर्यंत टेप धरायचा, की हिमनदी मागे किती सरकली ते कळतं. जुनी रीत आहे, असं त्यानं सांगितलं. त्यानं कुंकू पुसलं, तर खाली साल निघालं, काका आले होते तेच. मग काकूंकडचा फोटो डोळ्यांसमोर धरून, मागची शिखरं जुळेपर्यंत तो उलटा चालत गेला.

"यहीं का है. तब बर्फ यहीं तक था."

मला इतका आनंद झाला, की मी खेचरालाच मिठी मारली. काकूंनी जुना फोटो पदरानं पुसला आणि शिळेवर बसून नवा काढून घेतला.

परत बडनेऱ्याला उतरलो. गावाची जिरवायला मीच उतावीळ झालो होतो. "काकू, पहिले कोणाले दाखवायचा फोटो?"

"गावाचं जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "मलेच खरं वाटत नोतं. सारं गाव हसे, तवा मी बी पदराआड हसली हावो."